खुर्ची रिकामी, लाईन मात्र गच्च

प्रश्न : मी एका टॉक रेडिओ स्टेशनवर सकाळच्या तीन तासांच्या कार्यक्रमाची निर्माती आहे. निवेदक अनेक वर्षं एकच. गेल्या सोमवारी कार्यक्रम सुरू व्हायला चाळीस मिनिटं असताना त्यांच्या घरून फोन आला, सरांना हॉस्पिटलमध्ये नेलंय. आमची एकच धांदल उडाली. दोन दिवस जुने भाग लावले, तर लोक त्या जुन्या विषयांवरच फोन करत राहिले. तिसऱ्या दिवशी स्टेशन मॅनेजर म्हणाले, "तूच बस." मी बसले. सरांसारखीच सुरुवात केली, त्यांचे ठरलेले विनोदही मारून बघितले. पहिल्याच कॉलरने विचारलं, "तुम्ही कोण? सर कुठे आहेत?" मी म्हटलं, रजेवर आहेत. संध्याकाळपर्यंत सरांना काढून टाकल्याची अफवा सगळीकडे पसरली होती. सर कधी येतील हे कुणालाच माहीत नाही. मॅनेजरना बाहेरून कुणीतरी नाववाला माणूस आणायचाय, जाहिरात विभाग म्हणतो जुने भागच चालवा. सरांना हॉस्पिटलमधूनच दोन मिनिटं बोलतं करावं, असंही एकाने सुचवलंय. मी काय करू?
— एक निर्माती

उत्तर :

"रजेवर आहेत" हे वाक्य आधी हद्दपार करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

टॉक रेडिओचा श्रोता गाण्यांच्या स्टेशनवरच्या श्रोत्यापेक्षा वेगळा असतो. तिथे निवेदक बदलला तरी गाणं तेच राहतं. तुमच्याकडे माणूस हाच कार्यक्रम. रोज ठरल्या वेळी जो आवाज कानावर पडतो तो आज नाही, हे श्रोत्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतं. रजेवर जाणारा माणूस शुक्रवारी सांगून जातो. तुमचे सर शुक्रवारी "सोमवारी भेटू" म्हणाले असणार. मग लोकांनी दुसरं काय समजायचं? कारण कळलं नाही की माणूस ते स्वतः तयार करतो, आणि त्याने तयार केलेलं कारण खऱ्यापेक्षा नेहमी जास्त मसालेदार असतं.

अमेरिकेत आर्ट बेल नावाचा मध्यरात्रीच्या टॉक रेडिओचा एक सम्राट होता. १३ ऑक्टोबर १९९८ला कार्यक्रमाच्या शेवटी त्याने एकदम जाहीर केलं की हे माझं शेवटचं प्रसारण. कारण घरातलं आहे आणि ते मला सांगता येणार नाही. महिना संपायच्या आत, २८ ऑक्टोबरला, तो परतही आला. पण मधल्या दिवसांची कल्पना करा. ज्या कार्यक्रमात उडत्या तबकड्यांवर रात्र रात्र चर्चा चालायची, त्याच्या श्रोत्यांच्या हातात निवेदक गायब झाल्याचं कोडं पडलं! त्याची अडचण खरी होती आणि न सांगण्याचा हक्कही त्याचाच होता. पण अर्धवट सांगणं हे काहीच न सांगण्यापेक्षा जास्त खळबळ उडवतं, हे त्यावरून पक्कं लक्षात ठेवावं.

याच्या अगदी उलट उदाहरण रश लिंबॉचं, अमेरिकेतल्या राजकीय टॉक रेडिओच्या कडव्या उजव्या निवेदकाचं. त्याची मतं मला कधी पटली नाहीत, पण ही गोष्ट त्याने नीट हाताळली. ३ फेब्रुवारी २०२०ला त्याने स्वतःच माईकवर सांगितलं की मला फुप्फुसाचा कर्करोग झालाय आणि उपचारांसाठी अधूनमधून मी नसेन. पुढे वर्षभर ज्या दिवशी तो नसे त्या दिवशी दुसरं कुणीतरी बसे आणि श्रोत्याला का ते माहीत असे. १७ फेब्रुवारी २०२१ला त्याच्या निधनाची बातमीही त्याच कार्यक्रमाच्या नेहमीच्या वेळी, त्याच्या पत्नीने सुरुवातीलाच दिली. लोकांना ती दुसरीकडून कळायच्या आधी.

तुमच्याकडे निवेदक स्वतः बोलू शकत नाहीत, तेव्हा हे काम तुमच्याकडे येतं. आजच घरच्यांना फोन करा आणि नेमकं विचारा : काय सांगितलेलं चालेल? आजाराचं नाव सरांचं आहे, ते स्टेशनच्या मालकीचं नाही. "तब्येत बरी नाही, हॉस्पिटलमध्ये आहेत" एवढ्याला घरच्यांनी होकार दिला तर तेवढंच, आणि "तब्येतीच्या कारणाने येऊ शकत नाहीत" इतकंच म्हणा म्हणाले तर तेही पुरतं. मग उद्या उघडल्या उघडल्या, बातम्यांनंतर नव्हे, पहिल्याच मिनिटात सांगा की सर आजारी आहेत, कधी येतील ते आम्हाला आज माहीत नाही, मी त्यांच्या कार्यक्रमाची निर्माती आहे आणि तोवर मी इथे आहे. तुमचं नाव सांगा. आधी रजा म्हटलं होतं, ते बरोबर नव्हतं, हेही एका वाक्यात सांगून टाका आणि पुढे चला. "लवकरच परत येतील" मात्र म्हणू नका. ऐकायला गोड लागतं, पण पंधरा दिवसांनी तेच वाक्य तुमच्या अंगावर येतं.

हेच निवेदन दर तासाच्या सुरुवातीला पुन्हा करावं लागेल, कारण श्रोते एकाच वेळी येत नाहीत. कुणी दाढी करताना ऐकतो, कुणी गाडीत बसल्यावर. आणि तेच वाक्य, शब्दही न बदलता, कागदावर लिहून स्टेशनमधल्या प्रत्येक फोनजवळ चिकटवा : रिसेप्शनला, जाहिरात विभागात, सोशल मीडिया बघणाऱ्याच्या टेबलावर. अफवा बहुतेक वेळा माईकवरून सुटत नाहीत. आतलाच कुणीतरी फोनवर दबक्या आवाजात "तसं काही सांगता येणार नाही हो" म्हणतो, तिथून त्या सुटतात.

शुभेच्छांचे फोन येणार. पहिल्या दिवशी थोडे घ्या, तो लोकांचा हक्क आहे. दुसऱ्या दिवसापासून ते संदेश लिहून घ्या आणि घरी पोचवा. रोज तासभर शुभेच्छा चालल्या तर कार्यक्रमाचं हेल्थ बुलेटिन होतं, आणि मग एखादा कॉलर हटकून निघतो ज्याचा भाचा त्याच हॉस्पिटलमध्ये काम करतो. असा कॉल ऑन एअर जाताच कामा नये. फोन उचलणाऱ्याला तशी स्पष्ट सूचना द्या आणि डिले यंत्रणेचं (बोललेलं काही सेकंद अडवून मग हवेत सोडणाऱ्या यंत्राचं) बटण कोण दाबणार हे आधी ठरवा. काही सेकंदांचा तो उशीर अशाच वेळी कामी येतो, पण बोट कुणाचं हे ठरलेलं नसेल तर दोघंही एकमेकांकडे बघत बसतात आणि वाक्य बाहेर पडतं.

आता कुणी बसायचं.

माझं मत स्पष्ट आहे : तुम्ही. बाहेरचा नाववाला नको, निदान पहिले काही आठवडे तरी नको. नाव असलेला माणूस आला की ती बदली राहत नाही, ऑडिशन होते. श्रोते बाजू घेतात, "यालाच ठेवा" म्हणणारे निघतात, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या माणसाला रेडिओ ऐकता येतो हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. स्वतःच्या खुर्चीसाठी चाललेली स्पर्धा त्याने रोज सकाळी का ऐकायची?

अडचणीच्या दिवशी लोकांना ओळखीचं माणूस लागतं. एप्रिल २००७मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएफएएन स्टेशनवर डॉन आयमस या सकाळच्या निवेदकाला वर्णद्वेषी शेरेबाजीबद्दल काढलं (योग्यच केलं, माझ्या मते), तेही मदतनिधी गोळा करण्यासाठी त्याचं रेडिओथॉन, म्हणजे तासन् तास चालणारं खास प्रसारण, चालू असताना. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम त्याची पत्नी आणि कार्यक्रमातला त्याचा जुना सहकारी चार्ल्स मॅकॉर्ड यांनी चालवला. निधीसाठी फोन करणाऱ्याला निदान पलीकडचा आवाज परका नव्हता. तुमचा आवाज तुमच्या श्रोत्यांना कदाचित माहीत नसेल, पण तुम्हाला ते माहीत आहेत. कोण दर मंगळवारी फोन करतो, कोण विषय सोडून बोलतो, कोणाला थांबवलं की राग येतो. बाहेरच्या पाहुण्याला हे शिकवायला महिना लागेल.

पण नक्कल बंद. त्यांची सुरुवात, त्यांचं ठेवणीतलं वाक्य, त्यांचे विनोद, सगळं त्यांच्यासाठी ठेवून द्या. नक्कल केली की श्रोता तुम्हाला ऐकत नाही, मोजत बसतो. शीर्षकसंगीत तेच ठेवा, बातम्या आणि ब्रेकच्या वेळा मिनिटभरही हलवू नका, फोन घेण्याची वेळ तीच. श्रोत्याचं घड्याळ कार्यक्रमावर चालतं; ते घड्याळ शाबूत राहिलं तर नवा आवाज तो सहन करतो. अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवरच्या डायन रेहम यांना १९९८मध्ये आवाज आखडण्याचा आजार निघाला आणि त्यांना काही महिने माईकपासून दूर राहावं लागलं. कार्यक्रम पाहुण्या निवेदकांनी चालवला. त्या परतल्या आणि २०१६च्या अखेरीपर्यंत तोच कार्यक्रम करत राहिल्या, बदललेल्या, संथ, थरथरत्या आवाजात. तो कार्यक्रम तगला याचं कारण मला त्याच्या बांध्यात दिसतं. जाणकार पाहुणे, नीट प्रश्न, मग श्रोत्यांचे फोन. खुर्चीवर कुणी का असेना, पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं.

तुमच्या पत्रात जे नाही तेच मला सगळ्यात जास्त खटकलं. तुम्ही माईकवर गेलात तेव्हा तुमचं काम कोण करत होतं? पाहुण्याला लाईनवर कोण घेत होतं, कॉलरशी आधी कोण बोलत होतं, घड्याळ कोण बघत होतं? निवेदक आजारी पडला की सगळे त्याच्या खुर्चीकडे बघतात. पण निर्माती माईकवर गेली की खरी रिकामी खुर्ची काचेच्या अलीकडची, नियंत्रण कक्षातली असते, आणि कार्यक्रम तिथून कोसळतो. मॅनेजरकडे बाहेरच्या निवेदकासाठी पैसे असतील तर तेच पैसे तुमच्या जागी बसणाऱ्या अनुभवी निर्मात्यावर खर्च करायला सांगा. फोन घेणारा आणि कन्सोल सांभाळणारा ही दोन वेगळी माणसं हवीत. एवढं मिळत नसेल तर तीन तासांचे दोन करून मागा. लंगडे तीन तास चालवण्यापेक्षा धड दोन तास बरे.

एकटीने तीन तास भाषण करायला जाऊ नका. तुमच्या सरांना रोज वीस मिनिटं नुसत्या मतावर बोलता येत असेल. ती वर्षांची कमाई आहे. नवखा माणूस शांततेला घाबरतो आणि म्हणून जास्त बोलतो. दर तासाला एक पाहुणा फोनवर ठेवा, शक्यतो तासाच्या पूर्वार्धात. विषय असे निवडा ज्यावर लोकांकडे अनुभव असतो. मतांच्या मारामाऱ्या सध्या नकोत. "सरकारचं चुकलं का?" या विषयावर लोक सरांना ऐकायला येतात. "घरातल्या म्हाताऱ्या माणसाची गाडी चालवणं तुम्ही कसं थांबवलंत?" या विषयावर ते स्वतःचं सांगायला येतात, आणि तुम्ही फक्त चांगले प्रश्न विचारले तरी तास भरतो. स्टुडिओत समोर एक माणूस बसवा, वृत्तविभागातला कुणीही चालेल. माईकला बघून बोलणं आणि माणसाला बघून बोलणं यातला फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

जुने भाग. जाहिरात विभागाचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण ते म्हणतात तितकं सोपंही नाही. टॉक रेडिओवरचा चार दिवसांपूर्वीचा भाग शिळा असतो, चार वर्षांपूर्वीचा कधी कधी नसतो. "कार टॉक" या गाड्यांच्या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाचे निवेदक असलेले दोन भाऊ २०१२मध्ये नवे भाग करायचे थांबले. त्यांतला टॉम मॅग्लिओझी २०१४मध्ये गेला, तरी जुन्या फोनमधून जुळवलेले भाग त्यानंतरही लागत राहिले. गाडीतून खडखड का येते या प्रश्नाला तारीख नसते. तुमच्या संग्रहातून असे तास निवडा : नाती, पैसा, मुलं, शेजारी. मग कुणीतरी ते पूर्ण ऐका. हो, पूर्ण. फोन नंबर, वेळ, हवामान, स्पर्धा, "आत्ता मेसेज करा" हे सगळं कापा. तुमच्याकडे लोक फोन करत राहिले ते नंबर तसाच राहिल्यामुळे. आणि सरांनी कधीतरी हॉस्पिटलवर, डॉक्टरांवर, स्वतःच्या मरणावर केलेले विनोद शोधून काढा. ते आज वाजले तर अफवेला नवा आठवडा मिळेल.

हा भाग आधी ध्वनिमुद्रित केलेला आहे, हे प्रत्येक ब्रेकनंतर सांगा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. लपवण्यात मात्र आहे. २००८मध्ये ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने बीबीसीला एकूण ४ लाख पौंडांचा दंड केला तो कार्यक्रमांतल्या अशाच लबाड्यांसाठी. त्यांतला एक रेडिओ कार्यक्रम आधीच मुद्रित केलेला असून थेट म्हणून लावला गेला होता, आणि त्यात कॉलर म्हणून स्टेशनचेच लोक बोलले होते.

जुने भाग पूल म्हणून वापरा, मुक्काम म्हणून नको. पहिल्या दिवशी तुम्हाला दुसरा इलाज नव्हता. आता मात्र ते फक्त तिसऱ्या तासाला किंवा शनिवारी ठेवा. लिंबॉच्या निधनानंतर त्याचा कार्यक्रम स्टेशनांना पुरवणाऱ्या वितरक कंपनीने काही महिने जुनं ध्वनिमुद्रण आणि मधे बोलणारे निवेदक असा मेळ चालवला आणि क्ले ट्रॅव्हिस व बक सेक्स्टन ही नवी जोडी २१ जून २०२१ला आणली. पण तिथे माणूस गेलेला होता. तुमच्याकडे माणूस परत यायचाय, आणि रोज तीन तास त्यांचाच जुना आवाज लावला तर ऐकणाऱ्याला ते गेल्यासारखंच वाटेल.

जाहिरातींचं थोडक्यात. सर स्वतःच्या तोंडाने वाचतात त्या जाहिराती तुम्ही "मी स्वतः वापरते" म्हणून वाचू नका. त्या जाहिरातदारांना उद्याच एकेकाला फोन जाऊ दे : आधी मुद्रित केलेलं चालेल, साधं वाचन चालेल, की थांबायचं? बहुतेक जण समजून घेतात, विचारलं तर.

तुम्हाला चाळीस मिनिटं मिळाली हे नशीबच म्हणा. २०२२मध्ये इंग्लंडमधल्या सफकमध्ये एका छोट्या स्टेशनचा सकाळचा निवेदक कार्यक्रम चालू असतानाच वारला. गाणं मधेच थांबलं आणि काही मिनिटं काहीच वाजलं नाही. म्हणून शांतता ओळखणारी यंत्रणा चालू आहे का, ती किती सेकंदांनी जागी होते आणि जागी झाल्यावर काय वाजवते, हे तांत्रिक विभागाकडून याच आठवड्यात तपासून घ्या. पुष्कळ स्टेशनांवर तिथे कुणीतरी कधीकाळी टाकलेली फाईल असते, आणि तिच्यात मागच्या मागच्या निवेदकाचा आवाज असतो. त्याच ओघात सरांच्या डोक्यात आणि फक्त त्यांच्याच फोनमध्ये असलेले पाहुण्यांचे नंबर, पुढच्या पंधरवड्याचे विषय, कुणाला दिलेला शब्द, हे सगळं कुठेतरी लिहून ठेवलंय का ते बघा. नसेल तर आत्ता त्यांना विचारायला जाऊ नका. ते परत आल्यावर तो पहिला धडा.

आणि ते परत येतील तेव्हा लगेच तीन तास त्यांच्या गळ्यात मारू नका. पहिला आठवडा एकेक तास, तुम्ही समोर. काय झालं होतं ते किती सांगायचं, हे ते ठरवतील. तुम्ही त्यांना त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. पुढे, सर ठणठणीत असतानाही, महिन्यातून एक दिवस तुम्ही बसायचं, आधी जाहीर करून. मॅनेजर म्हणतील उगाच कशाला. त्यांना सांगा की पुढच्या वेळी पहिल्या कॉलरने "तुम्ही कोण?" विचारू नये म्हणून. सरांना हे तुम्ही स्वतः सांगा, मॅनेजरकडून कळू देऊ नका. निवेदक मंडळी या बाबतीत फार हळवी असतात.

राहिला हॉस्पिटलमधून बोलण्याचा प्रश्न. नाही. ज्याने सुचवलं त्याचा हेतू वाईट नसेल, पण थकलेला आवाज शब्दांपेक्षा जास्त सांगतो, आणि जे घरच्यांना सांगायचं नव्हतं तेच लोकांना ऐकू जाईल. सरांनी आपणहून मागितलं तरच, आणि तेव्हाही थेट नाही. आधी मुद्रित करा, त्यांना आणि घरच्यांना ऐकवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा की अजून हवंय ना. मग एकदा लावा. त्याचा प्रोमो करायची मागणी दुपारपर्यंत येईल. फाईल देऊ नका.